रात्रीचा थेंब दोनदा घातला, तरी प्रेशर का उतरलं नाही?

लोकमान्यनगरच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. आईचं वय 69, दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. तीन वर्षांपासून रात्री झोपताना लॅटानोप्रॉस्टचा एक थेंब आणि सकाळ-संध्याकाळ टिमोलॉल चालू आहे. डोळ्याचं प्रेशर 16-17 असायचं, ते मागच्या तपासणीत 22 निघालं. आई घाबरल्या आणि कुणाला न विचारता रात्रीचा थेंब सकाळीही घालू लागल्या. दीड महिन्याने मोजलं तर 23. "औषध दुप्पट केलं, मग प्रेशर थोडं तरी उतरायला नको का? आणि थेंब दिवसातून किती वेळा घालायचा हे ठरतं तरी कशावर?"

ताई, पहिल्यांदा हे सांगते की 22 आणि 23 मध्ये काही फरक धरू नका. एकाच डोळ्याचं प्रेशर एकाच यंत्रावर दहा मिनिटांच्या अंतराने मोजलं तरी एक-दोन मिलिमीटर (प्रेशर पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात) इकडेतिकडे होतं. त्यामुळे "वाढलं" असं मी म्हणणार नाही. पण उतरलं नाही हे खरं, आणि त्याचं कारण आईंच्या डोळ्यात कमी आणि त्या औषधाच्या स्वभावात जास्त आहे. लॅटानोप्रॉस्ट दिवसातून एकदाच घालायचं असतं. दोनदा घातलं तर त्याचा परिणाम वाढत नाही, उलट कमी होऊ शकतो. औषधाच्या माहितीपत्रकातच तसं छापलेलं असतं, पण ते पत्रक इतक्या बारीक अक्षरात असतं की ज्याला काचबिंदू आहे त्याला ते वाचणं अवघडच. म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

इंदूरमधल्या सगळ्यांना कळेल असं उदाहरण घेऊ. घराच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. नर्मदेचा नळ वरून भरतो आणि खालून एका मोरीतून पाणी जात राहतं. डोळ्यात असंच आहे. बुबुळाच्या मागे एक भाग सतत स्वच्छ पाणी तयार करतो, दिवसा मिनिटाला साधारण अडीच मायक्रोलिटर. हे पाणी बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून आणि थोडं स्नायूंच्या फटींतून बाहेर झिरपतं. दीड-दोन तासांत आतलं सगळं पाणी बदललेलं असतं. या पाण्याचा अश्रूंशी संबंध नाही, हे रुग्णांना मी दरवेळी सांगते, कारण "डोळ्यातून पाणी येतं म्हणजे प्रेशर उतरत असेल" असा समज फार आहे. जाळी तुंबली की पाणी आत साठतं, दाब वाढतो आणि डोळ्यामागची, मेंदूकडे जाणारी नस दबत-दबत सुकत जाते. दाब साधारण 10 ते 21 मिलिमीटर असावा असं मानतात, पण ज्याची नस आधीच अशक्त झाली आहे त्याला 18 सुद्धा जास्त असू शकतं. म्हणून तुमच्या आईंसाठी "नॉर्मल" आकडा कोणता हे त्यांच्या डॉक्टरांनी नस आणि फील्ड टेस्ट (नजरेचा घेर मोजणारी तपासणी) बघून ठरवलेलं असतं. शेजारच्या काकूंच्या आकड्याशी तो जुळवू नये.

आता थेंब. काही थेंब नळ बारीक करतात, काही मोरी मोकळी करतात. टिमोलॉल नळ बारीक करणारं. डोर्झोलामाइड, ब्रिंझोलामाइड हीसुद्धा त्याच कामाची. ब्रिमोनिडीन मुख्यतः नळ बारीक करतं आणि थोडी मोरीही मोकळी करतं. लॅटानोप्रॉस्ट, ट्रॅव्होप्रॉस्ट, बिमाटोप्रॉस्ट ही तिघं एका घरातली, मोरी मोकळी करणारी. दिवसातून किती वेळा घालायचं याचं उत्तर या कामाच्या पद्धतीत आहे.

लॅटानोप्रॉस्टचा एक थेंब पडला की बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यातून आत जाता-जाता त्याचं खऱ्या औषधात रूपांतर होतं. तीन-चार तासांनी दाब उतरू लागतो आणि 8 ते 12 तासांच्या दरम्यान परिणाम सगळ्यात जास्त असतो. खरी मजा पुढे आहे. औषध तोवर डोळ्यातून बरंचसं निघून गेलेलं असतं, आणि रक्तात जे थोडंफार पोचतं ते तर तासाभरातच संपतं. तरी दाब दिवसभर खाली राहतो. कारण हे औषध स्नायूंच्या फटींमधला चिवट भराव सैल करायला पेशींना सांगतं, आणि तो भराव एकदा सैल झाला की लगेच पुन्हा घट्ट होत नाही. माणूस मोरी साफ करून घरी गेला तरी मोरी वाहत राहते, तसं. म्हणून 24 तासांना एक थेंब पुरतो, आणि 24 तासांपलीकडेही परिणाम काही अंशी टिकतो.

मग दोनदा घातलं तर जास्त साफ का होत नाही? पेशींवर हे औषध ज्या जागी लागू पडतं, त्या जागा वारंवार हाक मारली की हाकेला कमी ओ देऊ लागतात, असं मानलं जातं. कारण काहीही असो, दोनदा घातल्याने फायदा घटतो हे लॅटानोप्रॉस्टबद्दल आणि बिमाटोप्रॉस्टबद्दल मोजून पाहिलेलं आहे. तोटे मात्र वाढतात: डोळे जास्त लाल होतात, डोळ्याभोवतीची कातडी काळवंडते, बाटलीतल्या प्रिझर्वेटिव्हचा (औषध टिकवणाऱ्या रसायनाचा) मारा दुप्पट होऊन डोळा कोरडा आणि चरचरीत होतो. आईंना हल्ली डोळ्यात वाळू गेल्यासारखं वाटतं असं तुम्ही लिहिलं आहे. त्याचं एक कारण हे असू शकतं.

टिमोलॉलचं गणित वेगळं. 1978 पासून वापरात असलेलं, स्वस्त आणि भरवशाचं औषध. त्याचा परिणाम 12 तास चांगला टिकतो, म्हणून दिवसातून दोनदा. त्याचाच जेलसारखा घट्ट होणारा प्रकार मिळतो, तो सकाळी एकदा पुरतो. पण एक गोष्ट लक्षात घ्या. झोपेत डोळा स्वतःहूनच पाणी निम्मं बनवतो. नळ आधीच बारीक झालेला असताना तो आणखी आवळणार किती? म्हणून रात्री टिमोलॉल फारसं काम करत नाही. ब्रिमोनिडीनचंही रात्री तेच होतं. आणि नेमकं रात्री आडवं पडल्यावर डोळ्याचा दाब वाढतो, बहुतेकांचा पहाटेच्या सुमाराला सगळ्यात जास्त असतो. म्हणूनच मोरी मोकळी करणारं औषध सोबत लागतं, जे रात्रीही जागं असतं. डोर्झोलामाइडच्या घरातली औषधंही रात्री काम करतात.

टिमोलॉल तीनदा, चारदा घालून प्रेशर आणखी उतरत नाही. वाढतो तो शरीरावरचा भार. हे औषध नाकात उतरतं, तिथल्या आतल्या पातळ कातडीतून थेट रक्तात जातं, यकृतात गाळलं न जाता. त्यामुळे ज्यांना दमा आहे, ज्यांची नाडी मंद आहे, हृदयाच्या ठोक्यांचा दोष आहे, त्यांना ते मुळात देऊच नये. आईंची नाडी एकदा मोजून बघा, आणि जिना चढताना अलीकडे धाप लागते का ते विचारा. "डोळ्याच्या थेंबाचा छातीशी काय संबंध" असं म्हणून लोक हे डॉक्टरांना सांगत नाहीत. सांगायला हवं.

ब्रिमोनिडीन दोन तासांत जोरात काम करतं आणि मग ओसरत जातं. बारा तासांनी त्याचा जोर बराच कमी झालेला असतो. म्हणून एकटं असेल तर तीनदा. टिमोलॉलबरोबर एकाच बाटलीत असेल तर दोनदा चालतं. डोर्झोलामाइडचंही असंच: एकटं तीनदा, टिमोलॉलबरोबर दोनदा. आणि जुनं पायलोकार्पिन, जे एकोणिसाव्या शतकापासून वापरात आहे, ते तर चारदा घालावं लागायचं, कारण चार ते आठ तासांत त्याचा खेळ आटोपतो. नवं नेटार्सुडिल पुन्हा रात्री एकदाच. चिठ्ठीवर "1 वेळा", "2 वेळा", "3 वेळा" लिहिलेलं असतं ते औषधाच्या ताकदीची पायरी सांगत नाही. एकदाचं औषध सौम्य आणि तीनदाचं कडक असं अजिबात नाही. खरं तर या सगळ्यांत सर्वांत जास्त दाब उतरवणारं एकट्याचं औषध दिवसातून एकदाच घालायचं आहे. लॅटानोप्रॉस्ट एकटं साधारण 25 ते 33 टक्के दाब उतरवतं.

ठरल्यापेक्षा जास्त वेळा थेंब घालू नये, याला एक अपवाद आहे. काचबिंदूचा, ज्याला आपल्या इकडे हिंदीत "काला पानी" म्हणतात त्याचा, अचानक येणारा झटका: डोळा लालबुंद, डोकं फुटेल असं दुखणं, उलट्या, दिव्याभोवती रंगीत वलयं. तिथे थेंब पुन्हा-पुन्हा घालतात, गोळ्या आणि सलाइन देतात, पण ते दवाखान्यात, डॉक्टरांच्या नजरेखाली. अशा वेळी घरी थेंब घालत बसू नये, तडक जावं.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुद्दाम एवढं लांब लिहायला बसले ती. "किती वेळा" इतकंच महत्त्वाचं आहे "केव्हा" आणि "खरोखर गेलं का".

मी प्रॅक्टिस सुरू केली त्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. सियागंजात किराण्याचं दुकान असलेले एक गृहस्थ माझ्याकडे यायचे. मी त्यांना चार बाटल्या लिहून दिल्या होत्या: एक एकदा, एक दोनदा, दोन तीन-तीनदा. एका डोळ्यात दिवसाला नऊ थेंब. ते सकाळी 11 च्या सुमारास यायचे, दरवेळी प्रेशर 14. मी खूश. पण फील्ड टेस्टमध्ये काळे डाग वाढत चालले होते आणि मला कळेना. शेवटी एकदा त्यांची मुलगी सोबत आली. मी सहज विचारलं, बाबा थेंब केव्हा-केव्हा घालतात? ती म्हणाली, दुकान उघडायच्या आधी सकाळी 8 ला, चारही बाटल्या, एकापाठोपाठ एक. मग दिवसभर काही नाही, रात्री दमून आले की झोपतात. म्हणजे मी 11 वाजता मोजत होते तेव्हा औषधं ऐन जोरात होती. संध्याकाळी आणि पहाटे त्यांचा दाब कुठे असेल याचा मला पत्ताच नव्हता. त्यांना "किती वेळा" हे मी सांगितलं होतं, "कसं जमतंय" हे कधी विचारलं नव्हतं. चूक माझी होती. चारच्या दोन बाटल्या केल्या, वेळा दुकानाप्रमाणे बांधून दिल्या, त्यानंतर डाग थांबले. पण जे गेलं ते गेलं. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही.

तेव्हापासून मी प्रत्येकाच्या कागदावर प्रेशरच्या शेजारी दोन वेळा लिहिते: मोजल्याची, आणि शेवटचा थेंब घातल्याची. नुसत्या आकड्याला अर्थ नाही. थेंबानंतर दोन तासांनी आलेलं 15 आणि पुढच्या थेंबाच्या आधी, औषध ओसरलेलं असताना आलेलं 15 यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. निरोगी डोळ्याचा दाबही दिवसभरात तीन ते सहा मिलिमीटर वर-खाली होतो. काचबिंदूच्या डोळ्यात तो झोका दहाच्या वर जाऊ शकतो. म्हणून शक्य असेल तर एक तपासणी सकाळी लवकर आणि पुढची संध्याकाळी घ्यायला सांगते.

इथेच एक सवय आहे, ती इंदूरमध्ये मी रोज बघते. "आज डोळे तपासायचे आहेत म्हणून सकाळचं औषध घातलं नाही." रक्ताच्या तपासणीला उपाशी जातात तसं. आईंनीही मागच्या वेळी असंच केलं होतं का, हे जरूर विचारा. सकाळचं टिमोलॉल चुकलं असेल तर 22 चं अर्धं कोडं तिथेच सुटेल. तपासणीच्या दिवशी सगळे थेंब नेहमीच्या वेळी घालूनच जायचं, डॉक्टरांनी मुद्दाम बंद करायला सांगितलं नसेल तर. आणि दुसरी सवय: चतुर्थी-एकादशीला, नवरात्रात थेंब बंद. उपवास पोटाचा असतो. थेंब घशात उतरून कडू लागतो म्हणून मन मानत नाही, हे मला कळतं. त्यावरचा उपाय पुढे सांगते, घशात उतरणारच नाही असा.

थेंब चुकण्याबद्दल माणसं खोटं बोलतात असं मी म्हणणार नाही. त्यांना खरंच वाटत असतं की आपण नियमित घालतो. 1986 साली अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. पायलोकार्पिन घेणाऱ्या रुग्णांच्या बाटलीत, औषध कधी घातलं याची नोंद ठेवणारं छोटं यंत्र बसवलं होतं. रुग्ण म्हणाले, आम्ही 97 टक्के थेंब घातले. यंत्र म्हणालं, 76 टक्के. आणि तपासणीच्या आदल्या दिवशी तेच रुग्ण अगदी नियमित झालेले दिसले. चाळीस वर्षं झाली या गोष्टीला, पण माझ्या खोलीत आजही हेच घडतं. आदल्या दोन दिवसांत मन लावून थेंब घालून आलेल्या माणसाचं प्रेशर छान येतं, डॉक्टर "असंच चालू ठेवा" म्हणतात, आणि नस तीन महिन्यांचा हिशोब ठेवत असते. दिवसातून जितक्या जास्त वेळा, तितके जास्त थेंब चुकतात, आणि दुसरी बाटली आली की पहिलीकडेही दुर्लक्ष होतं. म्हणून प्रेशर वर गेलं की मी औषध वाढवायच्या आधी विचारते, आहे ते पोचतंय का.

पोचण्याचंही बघा. गेल्या महिन्यात रामबागेतले एक निवृत्त मास्तर आले होते, वय 76. तक्रार अशी की बाटली अठरा दिवसांत संपते, कंपनी फसवते. मी त्यांच्या हातात साध्या अश्रूंच्या थेंबांची बाटली दिली आणि म्हटलं, घरी घालता तसं घालून दाखवा. त्यांनी मान थोडी मागे केली, बाटली कपाळाच्या उंचीवर धरली, हात किंचित कापत होता. पहिला थेंब गालावर. तो त्यांनी रुमालाने टिपला. दुसरा पापणीच्या केसांवर, डोळा मिटला गेला. तिसऱ्या वेळी बाटलीचं टोक पापणीला टेकलं आणि दोन थेंब एकदम आत पडले. मग त्यांनी डोळे पाच-सहा वेळा जोरात मिचकावले आणि माझ्याकडे समाधानाने पाहिलं. चार थेंब गेले होते, आणि आत टिकलं ते त्यातलं थोडंसंच.

अडीच मिलिलिटरच्या बाटलीत साधारण ऐंशी थेंब असतात. दोन्ही डोळ्यांत रोज एक घातला तर ती महिन्याहून जास्त जायला हवी. अठरा दिवसांत संपली तर थेंब गालावर जातात, आणि तीन महिने पुरली तर थेंब चुकतात. बाटलीच हिशोब सांगते. उघडल्याची तारीख तिच्यावर पेनने लिहून ठेवावी.

पापणीच्या आतल्या खोबणीत एकूण मावतं ते तीसेक मायक्रोलिटर, आणि त्यात थोडे अश्रू आधीच असतात. बाटलीचा एक थेंबच तीस ते पन्नास मायक्रोलिटरचा असतो. म्हणजे एकाच थेंबात खोबणी भरून वाहते. दुसरा थेंब लगेच घातला तर तो पहिल्याला धुऊन काढतो. ज्या लोकांना वाटतं की "दोन घातले म्हणजे एक तरी जाईल", त्यांचा पहिला नीट पडला असेल तर दुसरा निव्वळ वाया. पण पहिला गालावर पडला असेल तर मात्र दुसरा घालायलाच हवा. दोन वेगळ्या औषधांत किमान पाच मिनिटं जाऊ द्या. आईंची रात्रीची दोन्ही औषधं एकापाठोपाठ जात असतील तर लॅटानोप्रॉस्ट टिमोलॉलला किंवा टिमोलॉल लॅटानोप्रॉस्टला वाहून नेत असेल.

पद्धत अशी. आईंना खुर्चीवर नाही, पलंगावर आडवं करा, उशी काढून. एका बोटाने खालची पापणी ओढून खिसा करायचा, नजर वर छताकडे, बाटलीचं टोक कुठेही न टेकता एक थेंब खिशात. मग डोळे अलगद मिटायचे, मिचकावायचे नाहीत. आणि नाकाच्या बाजूला, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर बोटाने दाबून दोन-तीन मिनिटं धरायचं, पाच धरलं तर उत्तम. तिथून डोळ्याचं पाणी नाकात उतरणारी नळी जाते. ती बंद धरली की औषध डोळ्यात थांबतं, घशात कडू उतरत नाही, आणि शरीरात जाणारं टिमोलॉल निम्म्याहून कमी होतं. 1984 साली हे मोजलं गेलं, नुसते डोळे मिटून ठेवले तरी साठ टक्क्यांहून जास्त फरक पडला. फुकटचा उपाय आहे, आणि माझ्या अनुभवात दहातल्या आठ जणांना तो कुणी सांगितलेलाच नसतो.

थेंब विसरला तर काय? रात्रीचा राहिला आणि सकाळी आठवलं तर सकाळी घाला आणि पुन्हा रात्रीपासून नेहमीसारखं चालू करा म्हणणारे डॉक्टर आहेत. मी रुग्णांना सोपं सांगते: लॅटानोप्रॉस्ट विसरलात तर ते सोडून द्या, त्या रात्री वेळेवर घाला. भरपाई म्हणून दोन कधीच नकोत. टिमोलॉल तीन-चार तासांच्या आत आठवलं तर घाला, नाहीतर पुढच्या वेळेला. लॅटानोप्रॉस्ट रात्रीऐवजी सकाळी घातलं तरी चालतं. रात्री यासाठी सांगतात की त्याचा जोर पहाटे-सकाळी येतो आणि लाली झोपेत निघून जाते. ज्यांना रात्री मालिका बघता-बघता झोप लागते त्यांना मी सकाळच्या चहाबरोबर बांधून देते. रोज तीच वेळ असणं महत्त्वाचं.

काही जण पैशांपायी एक दिवसाआड घालतात आणि संकोचाने सांगत नाहीत. कृपा करून सांगा. जन औषधी केंद्रात किंवा जेनेरिकमध्ये स्वस्त पर्याय मिळतो का ते बघता येतं, दोन बाटल्यांची एक करता येते. आणि उघड्या कोनाचा काचबिंदू (जाळीकडची वाट उघडी, पण जाळीच हळूहळू तुंबते, असा) असेल तर एसएलटी नावाचा लेझरचा पर्यायही असतो. 2019 साली इंग्लंडमधल्या मोठ्या अभ्यासात, सुरुवातीलाच हा लेझर केलेल्यांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश जणांना तीन वर्षांनीही थेंबांची गरज लागली नव्हती. सगळ्यांना लागू पडतो असं नाही, पण थेंब जमतच नसतील तर विचारायला हरकत नाही.

उन्हाळ्याचं विसरू नका. लॅटानोप्रॉस्टची न उघडलेली बाटली साधारणपणे फ्रिजमध्ये, 2 ते 8 अंशांत ठेवायची असते आणि उघडल्यावर 25 अंशांपर्यंत सहा आठवडे. मे महिन्यात इंदूरला बाहेर पारा 42-43 ला जातो, घरात पंख्याखालीही 35 असतो. काही कंपन्यांची बाटली फ्रिजविना चालते, खोक्यावर लिहिलेलं असतं. नसेल तर उघडलेली बाटलीही फ्रिजच्या दारात ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. पुण्या-मुंबईला लग्नाला जाताना ती गाडीच्या डॅशबोर्डवर राहिली तर ती बाटली टाकून द्या.

आणखी एक विचारते. आईंना अलीकडे डोळे लाल झाले, खाज आली म्हणून मेडिकलवरून कुठले थेंब आणले होते का? नावात "डेक्सा", "बीटा", "प्रेड" असं काही असेल तर ते स्टिरॉइड. तिथे "किती वेळा"चं गणित उलटं चालतं. स्टिरॉइड जितकं तीव्र, जितक्या जास्त वेळा आणि जितके जास्त दिवस, तितकं प्रेशर चढण्याची शक्यता जास्त. साधारण एक-तृतीयांश लोकांचं थोडं चढतं, पाचेक टक्क्यांचं खूप चढतं, आणि काचबिंदू असलेल्यांचं चढण्याची शक्यता तर आणखी जास्त. बहुधा काही आठवड्यांत चढतं, दुखत नाही, कळत नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टर हेच थेंब सहा वेळा देतात आणि हळूहळू कमी करतात. ते गरजेचं असतं, मध्येच बंद करू नये. पण उरलेली बाटली कपाटात ठेवून पुढच्या वर्षी डोळा लाल झाल्यावर पुन्हा काढणं, किंवा मुलाच्या उन्हाळी ॲलर्जीला महिनोन् महिने तेच घालत राहणं, यातून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांची नस गेलेली मी पाहिली आहे. ती मुलं तपासताना माझा जीव तुटतो, कारण ते सगळं टळण्यासारखं होतं. काचबिंदू असलेल्याने कुठलाही लाल डोळ्याचा थेंब, अगदी नाकाचा स्टिरॉइड स्प्रेसुद्धा, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवूनच घ्यावा.

एवढा आटापिटा कशासाठी, तर एकेका मिलिमीटरसाठी. स्वीडनमध्ये सुरुवातीच्या काचबिंदूवर झालेल्या दीर्घ अभ्यासात प्रेशर एक मिलिमीटरने उतरलं की आजार पुढे सरकण्याचा धोका सुमारे दहा टक्क्यांनी कमी झालेला दिसला. म्हणून 22 आणि 17 यातला फरक आईंसाठी मोठा आहे, आणि तो हातचा जाऊ देऊ नये.

तर आईंसाठी असं करा. सकाळचं लॅटानोप्रॉस्ट आजपासून बंद, फक्त रात्री एक. टिमोलॉल सकाळी 8 ला आणि रात्री 8 ला, आणि लॅटानोप्रॉस्ट रात्री 10 ला, म्हणजे दोघांची गाठ पडणार नाही. पंधरा दिवस तुम्ही स्वतः थेंब घाला किंवा समोर बसून बघा, आणि कॅलेंडरवर खूण करा. बाटली फ्रिजच्या दारात. त्यांच्या डॉक्टरांना फोन करून दुप्पट घातल्याचं स्पष्ट सांगा, ते रागावणार नाहीत, आणि रागावले तरी त्यांना कळायला हवं. लॅटानोप्रॉस्टची घडी नीट बसायला चार-सहा आठवडे लागतात, म्हणून लगेच दोन दिवसांनी प्रेशर मोजून काही कळणार नाही. महिना-दीड महिन्याने, सकाळचं टिमोलॉल घालून, सगळ्या बाटल्या पिशवीत घेऊन जा. मेडिकलवरून आणलेल्याही. तेव्हाही प्रेशर 20 च्या वरच असेल तर औषध बदलायचं की तिसरं जोडायचं की लेझर, हे तेव्हा ठरेल, आणि मागच्या फील्ड टेस्टला वर्ष होऊन गेलं असेल तर ती त्याच दिवशी करून घ्या. मधल्या काळात आईंना छातीत घरघर, चक्कर किंवा नाडी 55 च्या खाली असं काही वाटलं तर दीड महिना थांबू नका, टिमोलॉल थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.